डब्लिनचं काम, रेडिंगची लिमिटेड कंपनी आणि १८३ दिवसांचा हिशोब: एका कॉन्ट्रॅक्टरचं प्रकरण

यूकेतले बरेच मराठी आयटीवाले आता कॉन्ट्रॅक्टिंग करतात आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी मला विचारतंच, की युरोपात काम आलंय, १८३ दिवसांच्या आत राहिलो तर तिथे टॅक्स नाही ना? मी कॉन्ट्रॅक्टर लोकांची हिशोबाची कामं बघतो, त्यामुळे या प्रश्नाचं पुढे काय होतं ते बघायला मिळतं. खालचं प्रकरण खरं आहे, फक्त ओळख पटेल असं सगळं काढलंय आणि आकडे थोडे सरळ केलेत. लिहायचं कारण एवढंच की १८३ हा आकडा खोटा नाही, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर आहे तो प्रश्न लोक विचारतच नाहीत.

पार्श्वभूमी

माणूस मूळचा पुण्याकडचा, बरीच वर्षं यूकेत, ब्रिटिश पासपोर्ट. घर रेडिंगला, बायको तिथेच नोकरी करते, मुलं शाळेत. स्वतःची लिमिटेड कंपनी, एकटाच डायरेक्टर. पगार महिन्याला १,०४७.५० पाउंड, म्हणजे वर्षाचे १२,५७०, पर्सनल अलाउन्स या टॅक्स न लागणाऱ्या मर्यादेइतके, बाकी डिव्हिडंड, जसं बहुतेक जण करतात तसं. व्हॅट फ्लॅट रेट स्कीमवर (खर्चावरचा व्हॅट वेगळा न मोजता व्हॅटसकट विक्रीवर एक ठरलेला टक्का भरायचा), आणि सामानाचा खर्च जवळजवळ नसल्यामुळे लिमिटेड कॉस्ट ट्रेडरचा १६.५ टक्के दर.

२०२३ च्या उन्हाळ्यात लंडनच्या एका एजन्सीने डब्लिनच्या क्लायंटचं काम आणलं. दिवसाला ५०० पाउंड, सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या ऑफिसात, सुरुवात ४ सप्टेंबरला, मुदत पुढच्या जूनअखेरपर्यंत. शुक्रवारी तो रेडिंगच्या घरून एका जुन्या इंग्लिश क्लायंटचं थोडं काम करायचा ते तसंच चालू ठेवलं (हा शुक्रवार पुढे फार कामाला आला). व्हिसाचा प्रश्न नव्हता कारण कॉमन ट्रॅव्हल एरियामुळे ब्रिटिश नागरिक आयर्लंडमध्ये राहू शकतो, काम करू शकतो. इथे थांबून एक सांगतो, हे फक्त ब्रिटिश आणि आयरिश नागरिकांना. भारतीय पासपोर्ट आणि यूकेचं आयएलआर (कायम राहायची परवानगी) असेल तर हा हक्क नाही, आयर्लंडचा व्हिसा आणि कामाची परवानगी वेगळी लागते. आपल्या लोकांचा इथे नेहमी गोंधळ होतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

एजंटने फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक, वर्षात १८३ दिवस होत नाहीत म्हणजे आयर्लंडमध्ये काहीच भरायचं नाही. दुसरी, काम डब्लिनमध्ये आहे म्हणजे इनव्हॉइसवर व्हॅट लावायचा नाही. दोन्ही चूक, पण दोन्ही इतक्या आत्मविश्वासाने सांगितल्या गेल्या की त्याने लिहूनसुद्धा घेतलं नाही. तो माझ्याकडे आला नोव्हेंबरच्या मध्यावर, दोन इनव्हॉइस पाठवून झाल्यावर, आणि तेसुद्धा भलत्याच कामासाठी, मॉर्गेजला कागद हवे होते म्हणून.

अडचण

आधी व्हॅट सांगतो कारण तिथे तारीख जवळ होती.

बिझनेस टू बिझनेस सेवेत साधारण नियम असा की सेवा घेणारा बिझनेस ज्या देशात आहे तिथला व्हॅट. काम करणारा कुठल्या शहरात बसून काम करतो याला इथे महत्त्व नाही. मी पहिलं विचारलं, इनव्हॉइस कोणाच्या नावे काढतोस रे? तर लंडनच्या एजन्सीच्या. म्हणजे ग्राहक यूकेतला, म्हणजे २० टक्के यूके व्हॅट लागणारच, काम डब्लिनमध्ये करा नाहीतर चंद्रपुरात. सप्टेंबरचे १६ दिवस आणि ऑक्टोबरचे १८ दिवस धरून १७,००० पाउंडचे इनव्हॉइस गेले होते आणि त्यावर ३,४०० पाउंड व्हॅट लावायचा राहिला होता.

दुसरी अडचण पेरोलची, आणि ही जास्त खोल. १८३ दिवसांचा नियम दोन देशांमधल्या डबल टॅक्स करारात आहे, आणि तो मालक काम चालतं त्या देशातला नसणं, पगाराचा बोजा त्याच्या तिथल्या शाखेवर नसणं अशा बाकीच्या अटींसकट आहे. लोक दिवस मोजतात, अटी सोडून देतात. शिवाय आयरिश रेव्हेन्यूचं (तिथल्या टॅक्स खात्याचं) म्हणणं असं की आयर्लंडच्या जमिनीवर केलेल्या कामाच्या पगारावर परदेशी कंपनीनेसुद्धा तिथलं पीएवायई चालवायचं, म्हणजे पगारातूनच टॅक्स कापून भरायचा. सवलत आहे, वर्षात ३० कामाच्या दिवसांपर्यंत ते मागत नाहीत, आणि ६० दिवसांपर्यंत काही अटींवर सोडतात. पण बाहेरच्या देशातल्या एजन्सीने आयरिश क्लायंटसाठी पुरवलेला माणूस, किंवा जो क्लायंटच्या धंद्याचा मुख्य भाग असलेलं काम करतोय तो, त्याला ती अटींवाली सवलत नाही. आपला माणूस बरोबर तोच. आणि दिवस मोजले तरी नोव्हेंबरच्या मध्यात ३० केव्हाच ओलांडले होते, ख्रिसमसपर्यंत ६४ होणार होते.

तिसरी गोष्ट सोशल सिक्युरिटीची वर्गणी कुठे भरायची, यूकेचा नॅशनल इन्शुरन्स की आयरिश पीआरएसआय. हा प्रश्न टॅक्सपासून पूर्ण वेगळा आहे. टॅक्स एका देशात आणि सोशल सिक्युरिटी दुसऱ्या देशात असं सर्रास होतं, आणि त्यासाठी एचएमआरसीकडून, म्हणजे यूकेच्या टॅक्स खात्याकडून, ए१ सर्टिफिकेट लागतं, कुठल्या देशाची सोशल सिक्युरिटी लागू आहे याचा दाखला. त्याच्याकडे ते नव्हतं, नावही पहिल्यांदा ऐकत होता.

दिवस मोजण्याची गंमत

दोन देश दिवस वेगवेगळे मोजतात. यूके मध्यरात्री तुम्ही कुठे होता ते बघतं. आयर्लंड २००९ पासून दिवसात कधीही तिथे असाल तर तो दिवस धरतं, सकाळी सातला उतरलात काय किंवा रात्री नऊला विमानात बसलात काय. हा सोमवारी सकाळी जायचा, गुरुवारी रात्री घरी यायचा. आयर्लंडच्या वहीत सोम, मंगळ, बुध, गुरु असे ४ दिवस. यूकेच्या वहीत गुरु, शुक्र, शनि, रवि अशा ४ रात्री. सात दिवसांच्या आठवड्यात आठ दिवस भरले! त्याला वाटत होतं की यूकेत ४ म्हणजे तिकडे ३च, आणि एवढ्याच एका गैरसमजावर त्याचं सगळं गणित उभं होतं.

टॅक्सच्या दृष्टीने यूकेत तो रेसिडेंट राहणार यात शंका नव्हती, घर, कुटुंब आणि रात्री, सगळंच इकडे. आयर्लंडमध्ये रेसिडेंट व्हायला कॅलेंडर वर्षात १८३ दिवस किंवा लागोपाठ दोन वर्षांत मिळून २८० दिवस लागतात. २०२३ चे ६४ आणि जूनपर्यंतचे धरले तरी तो त्यात बसत नव्हता. पण नॉन-रेसिडेंट असणं आणि टॅक्स नसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. नॉन-रेसिडेंटलासुद्धा आयर्लंडमध्ये केलेल्या कामाचा पगार तिथे टॅक्सेबल असतो, रेसिडेंट नसल्यामुळे फक्त आयर्लंडबाहेरच्या उत्पन्नाकडे ते बघत नाहीत.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय त्याचाच, जूनपर्यंत गप्प राहायचं. मी सरळ नाही म्हटलं. धमकी म्हणून नाही, पण एजन्सीकडे त्याच्या दिवसांच्या टाइमशीट, क्लायंटकडे गेटपासची नोंद, एअरलाइनकडे तिकिटं, आणि आयर्लंडमध्ये उशिरा भरलेल्या पीएवायईवर रोज ०.०२७४ टक्के व्याज. स्वतःहून सांगितलं तर दंड बराच कमी होतो, त्यांनी शोधलं तर होत नाही.

दुसरा, डब्लिनची पीएवायई अंब्रेला कंपनी. तिचा नोकर व्हायचं, ती टॅक्स, युएससी (उत्पन्नावरचा वेगळा आयरिश कर), पीआरएसआय कापून पगार देणार. तिकडचे कॉन्ट्रॅक्टर हे खूप वापरतात आणि खरं सांगायचं तर एकच क्लायंट असलेल्या माणसाला मी आजही हेच सुचवीन, कमी पैसे राहतात पण झोप लागते. त्याला मात्र नको होतं. मॉर्गेजच्या मध्यात उत्पन्नाचा प्रकार बदलायचा नव्हता आणि शुक्रवारचा क्लायंट लिमिटेडमधूनच चालू ठेवायचा होता.

तिसरा, लिमिटेड तशीच ठेवायची, पण तिला आयर्लंडमध्ये एम्प्लॉयर म्हणून रजिस्टर करायचं आणि डब्लिनच्या दिवसांचा खराखुरा पगार तिथल्या पेरोलमधून काढायचा.

चौथा, बहुतेक काम रेडिंगहून करायचं आणि डब्लिनला पुढच्या वर्षात ३० दिवसांच्या आत जायचं. क्लायंटला विचारलं, त्यांनी त्या वेळी नकार दिला.

स्वतंत्र सेल्फ-एम्प्लॉइड होऊन आयर्लंडमध्ये नोंदणी हाही विचार आला, पण २० ऑक्टोबर २०२३ ला आयरिश सुप्रीम कोर्टाने कर्शन खटल्याचा निकाल दिला होता, पिझ्झा डिलिव्हरीवाल्या ड्रायव्हरांचा. त्यात नोकर की स्वतंत्र हे ठरवायला पाच प्रश्नांची चौकट घालून दिली. चार दिवस क्लायंटच्या ऑफिसात, त्यांच्या मॅनेजरच्या हाताखाली बसणाऱ्याने त्या चौकटीत स्वतःला स्वतंत्र सिद्ध करणं अवघड, म्हणून तो विषय तिथेच थांबवला.

निर्णय तिसऱ्यावर झाला. डब्लिनच्या एका टॅक्स अॅडव्हायझरला पैसे देऊन लेखी मत घेतलं, कारण आयरिश बाजू मी स्वतः सही करून सांगणं बरोबर नव्हतं. तिनेच मुख्य मुद्दा मांडला की डब्लिनमध्ये कष्ट करून मिळालेल्या पैशाला पगार छोटा आणि डिव्हिडंड मोठा अशी विभागणी करून तिथे दाखवणं टिकणार नाही, पगार वाढवा. यात त्याचं नुकसान होतं, डिव्हिडंडपेक्षा पगारावर जास्त जातं, आणि यावर आमची दोन संध्याकाळी चांगली वादावादी झाली.

काय केलं

व्हॅटचं रिटर्न सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या तिमाहीचं होतं आणि ७ जानेवारीपर्यंत भरायचं होतं, त्यामुळे चूक अजून रिटर्नमध्ये गेलीच नव्हती. एजन्सीला दोन्ही इनव्हॉइसच्या व्हॅटसाठी नवीन कागद पाठवले, त्यांनी ३,४०० पाउंड दिले, त्यांचं काहीच गेलं नाही कारण ते परत घेऊ शकतात. फ्लॅट रेटने व्हॅटसकट रकमेवर म्हणजे २०,४०० वर १६.५ टक्के, ३,३६६ पाउंड एचएमआरसीला गेले. एजन्सी अडून बसली असती तर व्हॅट त्याच्याच खिशातून गेला असता.

मग एजन्सीनेच सुचवलं की १ डिसेंबरपासून करार त्यांच्या डब्लिनच्या कंपनीबरोबर करू. आता ग्राहक आयर्लंडचा, म्हणजे यूके व्हॅट नाही, आयर्लंडचा २३ टक्के व्हॅट डब्लिनची कंपनी रिव्हर्स चार्जने स्वतः दाखवणार, इनव्हॉइसवर तिचा व्हॅट नंबर आणि रिव्हर्स चार्जचा उल्लेख टाकायचा एवढंच. काम तेच, खुर्ची तीच, तरी व्हॅट पूर्ण बदलला. ब्रेक्झिटनंतर ग्रेट ब्रिटनमधून अशा सेवांसाठी ईसी सेल्स लिस्ट (ईयूतल्या ग्राहकांना केलेल्या विक्रीची यादी) भरावी लागत नाही, फक्त रिटर्नच्या बॉक्स ६ मध्ये रक्कम दाखवायची.

इथे त्याने एक चूक जवळजवळ केलीच होती. डिसेंबरचे १२ दिवस, ६,००० पाउंड, आणि सवयीने सॉफ्टवेअरने त्यावरही १६.५ टक्के म्हणजे ९९० पाउंड काढले. यूके व्हॅटच्या कक्षेबाहेरचं उत्पन्न फ्लॅट रेटच्या टर्नओव्हरमध्ये धरायचंच नसतं. परदेशी ग्राहक असलेले कितीतरी कॉन्ट्रॅक्टर हे पैसे वर्षानुवर्षं विनाकारण भरतात असं मला वाटतं, आपापली सेटिंग तपासा. १ डिसेंबरपासून त्याला स्कीममधूनच बाहेर काढलं. साध्या पद्धतीत लॅपटॉप, सॉफ्टवेअर, माझी फी यावरचा व्हॅट परत मिळतो, कक्षेबाहेरच्या अशा कामासाठी खर्च केला तरी मिळतो. शुक्रवारच्या क्लायंटचं उत्पन्न रजिस्ट्रेशनच्या मर्यादेच्या खूप खाली होतं (ती तेव्हा ८५,००० होती, १ एप्रिल २०२४ पासून ९०,००० झाली), नंबर रद्दही करता आला असता, पण परताव्यासाठी ठेवला. डब्लिनच्या हॉटेलवरचा व्हॅट मात्र विसरायचा, तो यूकेच्या रिटर्नमध्ये टाकता येत नाही आणि राहण्याचा व्हॅट आयर्लंडही परत देत नाही.

आयरिश बाजूला डिसेंबरच्या सुरुवातीला एम्प्लॉयर नोंदणी झाली. सप्टेंबर ते नोव्हेंबरच्या छोट्या पगाराचं पीएवायई स्वतःहून जाहीर करून व्याजासकट भरलं. ऑक्टोबरमध्ये डिव्हिडंड घेतला होता, त्याने विचारलं की तो आता पगार म्हणून दाखवूया का, मी म्हटलं मागच्या तारखेने कागद बदलायचे नाहीत, झालंय ते तसंच राहू दे, आणि डिसेंबरमध्ये पगार वाढवून काढला. पण पीपीएस नंबर (आयर्लंडमधला स्वतःचा टॅक्स नंबर) वेळेत आला नाही, आणि तो नसेल तर इमर्जन्सी टॅक्स, सरसकट ४० टक्के आणि वर ८ टक्के युएससी. ख्रिसमसच्या आधी जवळजवळ निम्मा पगार कापलेली स्लिप बघून त्याचा फोन आला तेव्हा त्याला समजावताना मलाच घाम फुटला. पैसे नंतर परत मिळाले, पण त्या महिन्यात घरात ओढाताण झालीच.

आणि एक गोष्ट जी मला या प्रकरणात सगळ्यात मोलाची वाटते. यूके रेसिडेंट असल्यामुळे त्याच पगारावर यूकेचं पीएवायईसुद्धा लागतं. म्हणजे एकाच पगारातून दोन देश कापणार, आणि जास्तीचं क्रेडिट सेल्फ असेसमेंट (यूकेचं वार्षिक टॅक्स रिटर्न) भरल्यावर, कित्येक महिन्यांनी. यासाठी एचएमआरसीची अपेंडिक्स ५ नावाची सोय आहे. एम्प्लॉयरने अर्ज केला की परदेशात कापलेला टॅक्स महिन्याच्या महिन्याला यूकेच्या पेरोलमध्ये वजा धरता येतो. मोठ्या कंपन्यांच्या एचआरला हे पाठ असतं, एकट्या माणसाच्या लिमिटेडला कोणी सांगत नाही. फेब्रुवारीपासून ती सुरू झाली आणि महिन्याचा पैसा थोडा सुरळीत झाला.

ए१ शुक्रवारमुळे मिळालं. दोन देशांत काम करणाऱ्या नोकराचं राहत्या देशात २५ टक्के काम असेल तर तिथलीच सोशल सिक्युरिटी. त्याचा पाचातला एकच दिवस, २० टक्के, म्हणजे कमी. पण तेवढं कमी असलं आणि एम्प्लॉयर एकच असला तर एम्प्लॉयरच्या देशाचा नियम लागतो, आणि एम्प्लॉयर म्हणजे त्याची स्वतःची रेडिंगची कंपनी, जिला खरोखरचा इंग्लिश क्लायंट होता. शुक्रवार नसता तर तो फक्त आयर्लंडमध्ये काम करणारा ठरला असता आणि गोष्ट अवघड झाली असती.

मुदतवाढ

मे २०२४ मध्ये क्लायंटने डिसेंबरपर्यंत वाढ देऊ केली. त्याने लगेच हो म्हटलं नाही, आधी मला मेसेज केला. जूनअखेरपर्यंत सुट्ट्या वजा जाता त्याचे आयर्लंडचे ९२ दिवस होत होते. पुढचे २४ आठवडे चार-चार दिवस म्हणजे ९६, एकूण १८८, आणि १८३ भरल्यावर तो आयर्लंडचाही रेसिडेंट. मग दोन्हीकडचा रेसिडेंट, करारातली टायब्रेकरची चाचणी (कुठल्या एका देशाचा धरायचा ते ठरवणारी), घर कुठे कुटुंब कुठे, बहुधा यूकेच्या बाजूने गेली असती पण कागदांचा डोंगर. या वेळी क्लायंटला माणूस हवाच होता, तर आम्ही तीन दिवस डब्लिन आणि गुरुवार रेडिंगहून असं मागितलं आणि मिळालं. ७२ दिवस, एकूण १६४. मागच्या वर्षाचे ६४ धरून २२८, म्हणजे २८० च्याही आत. गुरुवारचं काम यूकेत झालं म्हणून त्याचा पगार आयर्लंडमध्ये टॅक्सेबल नाही, आणि यूकेचं काम आता ४० टक्के झालं म्हणून ए१ चा पायाही पक्का.

निकाल

डिसेंबर २०२४ ला काम संपलं. आयर्लंडचं सगळं नियमात, दंड लागला नाही, व्याज किरकोळ. हातात आलेली रक्कम एजंटच्या गणितापेक्षा बरीच कमी, हे लपवत नाही. डब्लिनच्या अॅडव्हायझरची फी, तिथल्या पेरोलचा खर्च, हॉटेलं, आणि डिव्हिडंडऐवजी पगार. त्याने नंतर मोकळेपणाने सांगितलं की हे आधी कळलं असतं तर दिवसाचे ५०० न घेता ६०० मागितले असते, आणि माझ्या मते मिळालेही असते.

आयर्लंडचं टॅक्स वर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि यूकेचं ६ एप्रिलपासून, त्यामुळे यूकेच्या रिटर्नची फॉरेन पेजेस भरताना प्रत्येक पेस्लिप दोन वर्षांत वाटून, युरोचे पाउंड करून, किती आयरिश टॅक्स कुठल्या वर्षाचा हे हाताने जुळवावं लागलं. त्यात आमचा एक अख्खा रविवार गेला.

परत करायचं झालं तर

करारावर सही व्हायच्या आधी मी आता चार गोष्टी लेखी मागतो. इनव्हॉइस नेमका कुठल्या देशातल्या कंपनीच्या नावे जाणार. आठवड्यात किती दिवस कुठल्या देशात, आणि ते बदलायचं झालं तर कोण ठरवणार. पेरोल कोण चालवणार. आणि घरच्या देशात किती टक्के काम राहणार. एजंटने फोनवर जे सांगितलं ते ईमेलवर द्या म्हणायचं, बरेचदा ईमेल येतच नाही आणि तिथेच कळतं.

अंब्रेला नको म्हणण्यात त्याने घाई केली का, हे मला अजून वाटत राहतं. शुक्रवारचा क्लायंट नसता तर मी त्याला लिमिटेडवर जाऊच दिलं नसतं. तीन दिवसांची मागणीसुद्धा नोव्हेंबरमध्येच करायला हवी होती, क्लायंट तेव्हा नाही म्हणाला असता कदाचित, पण आम्ही तेव्हा ३० दिवसांचं विचारलं होतं, तीन दिवसांचं विचारलंच नव्हतं.

पीपीएस नंबरचा अर्ज पहिल्या आठवड्यात करा, टॅक्स लागणार की नाही ते ठरायच्या आधीच. आणि बोर्डिंग पास जपून ठेवा. पहिल्या अडीच महिन्यांचे त्याचे दिवस आम्हाला बँकेच्या स्टेटमेंटवरून, विमानतळावरच्या कॉफीच्या बिलांवरून जुळवावे लागले, आणि दोन गुरुवार असे निघाले की तो त्या रात्री डब्लिनला होता की घरी, हे शेवटी त्याच्या बायकोने कॅलेंडर बघून सांगितलं.